हँडलच्या कोनसेटऐवजी टेपर रोलर बेअरिंग: वेगात डळमळणाऱ्या मोटारसायकलवर बसवून पाहिलेल्या संचाचे परीक्षण

मोटारसायकलच्या चासीच्या पुढच्या नळीत, जिच्यात हँडलचा दांडा फिरतो, बहुतेक गाड्यांना कारखान्यातून छर्‍यांचा कोनसेट (वरखालच्या बेअरिंगची जोडी) बसवलेला येतो. त्याच्या जागी बसवण्यासाठी बाजारात टेपर रोलर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगचे तयार संच मिळतात आणि वेगात गाडी डळमळते अशी तक्रार घेऊन येणाऱ्या चालकाला अनेक मेकॅनिक प्रथम तोच सुचवतात. असा एक संच मी मध्यम वजनाच्या, चेनवर चालणाऱ्या आणि पुढे साध्या दुर्बिणी फोर्क (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे पाय) असलेल्या गाडीवर बसवून पुरेसा काळ वापरला आहे. संच उत्तम आहे असे माझे मत झाले आहे, परंतु तो एका विशिष्ट दोषावरचा उपाय आहे. वेगातली प्रत्येक अस्थिरता त्याने जात नाही, आणि तशा अपेक्षेने तो विकत घेणाऱ्याची निराशा होईल.

गाडीत दोन वेगवेगळ्या तक्रारी होत्या आणि त्या एकच समजल्या असत्या तर निदान चुकले असते. पहिली अशी की ताशी 80 ते 90 किलोमीटरच्या आसपास, विशेषतः ॲक्सिलरेटर सोडून वेग उतरत असताना, हँडलात बारीक आणि भरभर थरथर येई, आणि पुढचा ब्रेक दाबताना हँडलच्या मुळाशी ‘कट्’ असा एक आवाज जाणवे. दुसरी तक्रार ताशी 110 च्या पुढची होती: मागची पेटी भरलेली असली आणि बाजूने वारा किंवा मोठ्या वाहनाचा झोत आला की संपूर्ण गाडी कमरेतून हलावी तशी सावकाश डावीउजवीकडे लहरत राही, आणि ती लहर मरायला वेळ लागे.

या दोन हालचालींची प्रकृतीच निराळी आहे. 1971 साली ब्रिटिश अभियंते रॉबिन शार्प यांनी मोटारसायकलच्या स्थिरतेचे जे गणिती विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात गाडीच्या तीन मूलभूत हालचाली वेगळ्या काढल्या आहेत: एका बाजूला हळूहळू कलंडत जाणे, संपूर्ण गाडीचे लहरणे म्हणजे वीव्ह, आणि फक्त पुढच्या भागाचे हँडलच्या अक्षाभोवती थरथरणे म्हणजे वॉबल. वॉबलची आवर्तने सेकंदाला साधारण सहा ते दहा असतात, त्यामुळे ती मोजता येत नाहीत, नुसती हातांना बसतात. वीव्हची आवर्तने सेकंदाला दोन ते चार, म्हणजे मनात मोजता येतील इतकी संथ असतात, आणि तिच्यात चासी, मागचे चाक आणि चालक असे सगळेच भाग घेतात. वॉबल मध्यम वेगातही येतो. वीव्हला आवरणारी शक्ती मात्र वेग वाढेल तशी कमी होत जाते, म्हणून ती शेवटच्या टप्प्यातल्या वेगात डोके वर काढते. चालकाने मेकॅनिकला नुसते ‘गाडी हलते’ असे न सांगता हलण्याची ही चाल सांगितली, तर अर्धे निदान गाडी स्टँडवर चढवण्यापूर्वीच होते.

कोनसेटपर्यंत पोहोचण्यापूर्वी जे तपासायला हवे ते तपासले, आणि त्यातही टायर सर्वांत आधी. टायरमधील हवा गाडी थंड असताना मोजावी आणि सामान व मागे बसणारा यांसाठी पुस्तिकेत जो वेगळा आकडा दिलेला असतो तोच धरावा; मागच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याच्या भिंती बाजूला झुकतात आणि लहरणे वाढते. सरळ रस्त्यांवर फार चाललेला मागचा टायर मधोमध सपाट होतो आणि त्या सपाट पट्टीच्या कडेवर गाडी जाते-येते तेव्हा चालकाला हँडल सैल झाल्याचा भास होतो, पण दोष मागे असतो. पुढच्या टायरवर हात फिरवून पाहिल्यास नक्षीचे ठोकळे एका दिशेने चढे आणि दुसऱ्या दिशेने बोथट लागले, तर तो टायर थरथरीला स्वतःच आमंत्रण देतो. टायरच्या भिंतीवरील चार अंकी शिक्क्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेला जुना टायर मी वेगात विश्वासाने वापरणार नाही.

त्यानंतर चाके जमिनीवरून उचलून, वर आणि खाली धरून हलवून व्हील बेअरिंगमधला खेळ (सैलपणा) पाहिला, रिम फिरवून तिचा आऊट (वाकडेपणा) पाहिला, स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या हलत्या चौकटीचे) मागचे टोक धरून आडवे ढकलून पाहिले. स्विंगआर्मच्या बुशमधला (सांध्यातल्या कड्यामधला) अगदी थोडा खेळही मागच्या चाकाशी जाईपर्यंत मोठा होतो, आणि वीव्हचा तपास करताना नेमके तेच ठिकाण अनेकदा सुटते. चेन ताणण्याच्या जागी असलेल्या खुणांवर विसंबून मागचे चाक सरळ आहे असे मानू नये. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी ताणलेला दोरा पुढे आणून, पुढच्या टायरपासून त्याचे अंतर दोन्हीकडे सारखे येते की नाही हे पाहणे अधिक खात्रीचे आहे. एवढे सगळे केल्यावरही ‘कट्’ आवाज आणि थरथर कायम होती, तेव्हा लक्ष कोनसेटकडे गेले.

कोनसेट तपासण्याची रीत सोपी आहे, मात्र ती धीराने करावी लागते. गाडी अशी उचलावी की पुढचे चाक अधांतरी राहील आणि फोर्कवर भार येणार नाही. मग फोर्कचे खालचे पाय दोन्ही हातांनी धरून पुढेमागे ढकलावेत आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाने खालच्या टी-प्लेटच्या (फोर्कचे पाय हँडलच्या दांड्याशी जोडणाऱ्या पट्टीच्या) व चासीच्या नळीच्या सांध्यावर बोट ठेवावे. सांध्यावर हालचाल जाणवली तर कोनसेटमध्ये खेळ आहे. सांधा स्थिर राहून फक्त पाय हलले तर फोर्कचे बुश झिजलेले आहेत, आणि त्यावर हा संच काहीच करू शकणार नाही. दुसरी परीक्षा खेळाहून महत्त्वाची आहे. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन बोटांनी अगदी हळू फिरवावे. मधोमध आल्यावर ते स्वतःहून एखाद्या खाचेत बसल्यासारखे थांबत असेल, तर वाट्यांना (छर्रे ज्यांत फिरतात त्या कड्यांना) खड्डे पडले आहेत असे निःशंक समजावे. या गाडीत दोन्ही दोष होते.

हे खड्डे नेमके मधोमधच का पडतात हे समजले की रोलर बेअरिंगचा फायदाही समजतो. वेगात सरळ जाताना हँडल जेमतेम एखाद्या अंशाने इकडेतिकडे फिरते, त्यामुळे प्रत्येक छर्रा वाटीवरच्या त्याच एका बिंदूवर बसून सूक्ष्म घासत राहतो, तिथले ग्रीस बाहेर ढकलले जाते आणि पुन्हा आत येत नाही. त्यात रस्त्यावरच्या प्रत्येक धक्क्याचा आणि प्रत्येक ब्रेकचा जोर फोर्कच्या लांबीमुळे वाढून याच जागी येतो, कारण जमिनीपासून खालच्या बेअरिंगपर्यंतचे अंतर दोन बेअरिंगांमधल्या अंतराच्या कितीतरी पट असते. छर्रा वाटीला बिंदूवर टेकतो, टेपर रोलर रेषेवर टेकतो. तोच भार अधिक जागेवर पसरतो आणि धातू दबण्याची शक्यता घटते. उभा आणि आडवा असे दोन्ही भार एकाच बेअरिंगने पेलावेत यासाठीच रोलरला उतार दिलेला असतो. हेन्री टिमकेन यांनी 1898 मध्ये घोडागाड्यांच्या आसांसाठी या बेअरिंगचे पेटंट मिळवले, तेव्हाही वळणावर येणारा आडवा भार हीच अडचण त्यांच्यासमोर होती. रोलरलाही तसे मधोमध डाग पडू शकतात, पण त्याला बराच अधिक काळ लागतो.

आता प्रत्यक्ष संचाविषयी. पेटीत दोन बेअरिंग, त्यांच्या दोन वाट्या, खालच्या बाजूचे रबरी सील आणि एक पातळ वॉशर असा ऐवज होता. रोलर आणि वाट्या निर्दोष घडवलेल्या होत्या. बोटांनी फिरवल्यावर कुठेही खरखर नव्हती आणि वाटी आपल्या जागी योग्य तेवढी घट्ट बसली. बेअरिंगच्या कडेवर मानक क्रमांक कोरलेला होता ही गोष्ट मला विशेष आवडली, कारण तो क्रमांक असला की पुढे फक्त एक बेअरिंग बदलायचे झाले तर संपूर्ण संच शोधावा लागत नाही. उदाहरणार्थ 32005 म्हणजे आतला व्यास 25 मिलिमीटर, बाहेरचा 47 आणि जाडी 15. आणि 32006 म्हणजे 30, 55 आणि 17. काही गाड्यांच्या नळीचे माप मानक नसते आणि त्यांच्यासाठीचे बेअरिंग मुद्दाम वेगळ्या मापाचे घडवावे लागतात, म्हणून घेण्यापूर्वी आपल्या गाडीचे माप कॅलिपरने स्वतः तपासलेले बरे.

उणिवा मात्र आहेत आणि त्या क्षुल्लक नाहीत. सोबतच्या कागदावर बसवण्याचे चित्र आहे, परंतु नट किती आवळायचा याबद्दल एक शब्दही नाही. या संचाचे यश ज्या एका कामावर अवलंबून आहे तेच काम सांगायचे राहून जावे, हे मला अक्षम्य वाटते. खालचे सील मूळ सीलपेक्षा पातळ आहे आणि पुढच्या चाकावरून उडणारे पाणी थेट त्याच्यावर येते. शिवाय रोलर बेअरिंगची एकूण उंची मूळ छर्‍यांच्या जुळणीपेक्षा किंचित जास्त भरते, त्यामुळे वरच्या टी-प्लेटखालील नटाला आटे थोडे कमी उरतात. या गाडीत ते पुरेसे उरले. ज्या गाडीत ते उरणार नाहीत तिथे हा बदल करू नये.

बसवणे हे घरच्या घरी होणारे काम आहे, पण घाईचे नाही. जुनी वाटी नळीतून काढायला आत कड मिळत नसेल, तर वेल्डिंगचा एक बारीक थर वाटीच्या आतल्या बाजूने फिरवतात. थंड होताना तो आकसतो आणि वाटी सैल पडते. नवी वाटी काही तास फ्रीजरमध्ये ठेवावी, आणि ती ठोकताना जुनी वाटी उलटी धरून वापरावी, जिला आधी करवतीने एक चीर दिलेली असावी म्हणजे ती आत अडकणार नाही. वाटी तळाशी टेकली की हातोड्याचा आवाज बदलतो, आणि तो आवाज बदलेपर्यंत थांबू नये, कारण अर्धवट बसलेली वाटी पुढे रस्त्यावर खाली सरकते आणि खेळ पुन्हा सुरू होतो. दांड्यावरचे खालचे बेअरिंग साधारण 100 अंशांपर्यंत गरम केले की दांड्यावर सहज बसते; ते ठोकावेच लागले तर फक्त आतल्या कड्यावर नळी टेकवून ठोकावे, रोलर धरणाऱ्या पिंजऱ्याला धक्काही लावू नये. ग्रीस पाण्यात न विरघळणारे आणि जास्त दाब सोसणारे घ्यावे, व ते रोलरांच्या मागून पुढे येईपर्यंत तळहातावर दाबून भरावे. वरवर फासलेले ग्रीस उपयोगाचे नाही.

त्यानंतर येतो नट आवळण्याचा भाग, आणि माझ्या मते या बदलातली सगळी कुशलता इथेच आहे. छर्‍यांच्या कोनसेटसाठी पुस्तिकेत दिलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) रोलरला जसाच्या तसा लावू नये, तो बहुधा जास्त ठरतो. नट प्रथम जोरात आवळून रोलर आपापल्या जागी बसवावेत, हँडल दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा फिरवावे, मग नट पूर्ण सैल करून पुन्हा हलका आवळावा. वरच्या टी-प्लेटचा मोठा नट आवळला की आतला दाब आणखी वाढतो, म्हणून अंतिम तपासणी तो आवळल्यानंतरच करावी. आणि हे सगळे होईपर्यंत टी-प्लेटचे फोर्क धरणारे बोल्ट सैल ठेवावेत, अन्यथा फोर्कच टी-प्लेट धरून ठेवतो आणि नटाचा दाब बेअरिंगपर्यंत नीट पोहोचत नाही. मोजण्यासाठी स्प्रिंगचा काटा फोर्कच्या नळीला अडकवून आडवा ओढावा आणि हँडल हलू लागते तो आकडा वाचावा. काही गाड्यांच्या कार्यशाळा पुस्तिकांत हा आकडा एक ते दीड किलोच्या दरम्यान दिलेला असतो, परंतु आपल्या गाडीचाच आकडा धरावा, आणि मोजताना केबल व ब्रेकची नळी हँडलला ओढत नाहीत याची खात्री करावी.

जास्त आवळण्याचा मोह का टाळावा हे सांगणे आवश्यक आहे, कारण तसे केल्यावर थरथर गेल्यासारखी वाटते आणि काम चांगले झाले असा समज होतो. मोटारसायकल सरळ राहते ती हँडलच्या सततच्या सूक्ष्म आपोआप वळण्यामुळे. गाडी डावीकडे कलली की पुढचे चाक स्वतःच डावीकडे वळते आणि तिला सावरते. घट्ट बेअरिंग हे वळणे अडवते, गाडी संथ वेगात नागमोडी चालू लागते आणि मोठ्या वेगात वीव्ह वाढते. म्हणजे एक दोष झाकताना दुसरा, अधिक धोकादायक दोष निर्माण होतो.

योग्य आवळल्यानंतरचा परिणाम निःसंदिग्ध होता. ब्रेकचा आवाज गेला, वेग उतरतानाची थरथर गेली, आणि हँडल मधल्या खाचेतून मोकळे झाल्यामुळे सरळ रस्त्यावरही गाडीला सतत दुरुस्त करत राहण्याचा जो शीण होता तो संपला. पुढचा ब्रेक दाबताना चाक कुठे आहे हे आता नेमके कळते, आणि वेगातल्या लांब वळणावर गाडी धरलेली रेषा सोडत नाही.

दुसरी तक्रार मात्र जवळजवळ जशीच्या तशी राहिली, आणि ती राहणारच होती. भरलेल्या पेटीचे वजन मागच्या आसाच्याही मागे आणि उंचावर येते. त्याने पुढच्या चाकावरचा भार हलका होतो आणि गाडीला आडवे फिरायला एक लांब तरफ मिळते. शिवाय पेटी वाऱ्यातही उभी असते. जड सामान आसाच्या पुढे व खाली हलवले, मागच्या स्प्रिंगचा दाब भारानुसार वाढवून चालक बसल्यावर मागची बाजू सुमारे 30 मिलिमीटर बसेल अशी ठेवली आणि टायरची हवा भाराच्या आकड्यावर आणली, तेव्हा ती लहर आटोक्यात आली. यात संचाचे श्रेय नाही, पण दोषही नाही.

अशा वेळी अनेक जण स्टीअरिंग डॅम्परकडे वळतात, म्हणून त्याच्याशी तुलना करणे उचित ठरेल. डॅम्पर हँडलच्या वेगवान हालचालीला तेलाचा विरोध देतो, त्यामुळे वॉबलवर तो निश्चित परिणामकारक आहे. परंतु त्याच विरोधामुळे मोठ्या वेगातली वीव्ह कमी आवरली जाते, हे शार्प यांच्या विश्लेषणातही स्पष्ट होते. या अडचणीवर वाट काढण्यासाठी होंडाने 2004 च्या सीबीआर 1000 आरआरवर इलेक्ट्रॉनिक डॅम्पर दिला, जो संथ वेगात सैल राहतो आणि वेग व प्रवेग पाहून आवळतो. मूळ आखणीतच चपळ हँडल असलेल्या गाडीला डॅम्पर शोभतो. खड्डे पडलेल्या कोनसेटवर डॅम्पर बसवणे मात्र मला सर्वथा अमान्य आहे, कारण त्याने लक्षण दबते आणि खेळ वाढत राहतो. या दोहोंत निवड करायची तर पैसा आधी बेअरिंगवर घालावा.

तपासणीसाठी गाडी मुद्दाम डळमळेपर्यंत पळवू नये आणि हँडलवरून हात काढून परीक्षा घेऊ नये, ही विनंती मी आग्रहाने करीन. गाडी अचानक लहरू लागलीच तर हँडल घट्ट आवळून धरू नये, पुढचा ब्रेक दाबू नये, शरीर किंचित पुढे झुकवून ॲक्सिलरेटर सावकाश सोडावा. बाकी सगळे काम स्टँडवर होते.

ज्यांच्या गाडीत वरच्या दोन परीक्षांपैकी एकीत तरी दोष आढळला आहे, टायर आणि स्विंगआर्म निर्दोष आहेत आणि बसवणाऱ्याला हलक्या आवळणीचे महत्त्व पटलेले आहे, त्यांनी हा संच अवश्य घ्यावा. दोन्ही परीक्षांत कोनसेट उत्तीर्ण होत असेल तर तो उघडण्याचे कारण नाही. बसवल्यानंतर काहीशे किलोमीटरवर वाट्या आणखी किंचित बसतात आणि दाब कमी होतो, तेव्हा काट्याने पुन्हा मोजून नट दुरुस्त करावा. आणि खालच्या पातळ सीलचा विचार करता, पावसात चालणाऱ्या गाडीचे ग्रीस दर वर्षी उघडून बदलावे, पुस्तिकेत मूळ कोनसेटसाठी त्याहून मोठी मुदत दिलेली असली तरीही.